अँकरची खुर्ची आधी की डेस्क?

परभणीहून चोवीस वर्षांच्या एका मुलीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, अशी तिची विनंती आहे. पत्रातला मुख्य भाग असा:

"ताई, मी मराठीत एम.ए. केलंय. कॉलेजात वक्तृत्व स्पर्धांमध्ये बक्षिसं मिळवली. सध्या इथल्या केबल चॅनलवर आठवड्यातून दोनदा बातम्या वाचते आणि गणेशोत्सवात, शाळांच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करते. मला टीव्हीवर वृत्तनिवेदक व्हायचंय. पुण्यातली एक खासगी अकादमी तीन महिन्यांचा अँकरिंगचा कोर्स घेते. फी ८५ हजार आणि शेवटी 'स्क्रीन टेस्टची हमी'. बाबा म्हणतात, सोयाबीनचे पैसे आले की भरू. त्याच वेळी मुंबईतल्या एका वृत्तवाहिनीनं आउटपुट डेस्कवर ट्रेनी म्हणून बोलावलंय. पगार १८ हजार, बहुतेक रात्रपाळी, आणि पडद्यावर घेऊ असा शब्द कुणी देत नाही. आई म्हणते, हे सगळं सोड आणि बी.एड. कर. मैत्रिणी म्हणतात, तुझा रंग सावळा, बोलण्यात मराठवाडा डोकावतो, तुला टीव्हीवर कोण घेणार? मी काय करू?"

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही तुला एकेरीतच लिहिते. मी वृत्तवाहिनीच्या डेस्कवर, म्हणजे पडद्यावर जाणाऱ्या बातम्या लिहिल्या-तपासल्या जातात तिथे, बरीच वर्षं काढली आहेत. नवे अँकर येताना पाहिले, त्यातले काही टिकताना पाहिले आणि बरेच दोन-तीन वर्षांत गळून पडतानाही पाहिले. त्या अनुभवावरून सांगते, डेस्कवर जा. अकादमीत पैसे भरू नकोस.

आधी अकादमीचं बोलू. स्क्रीन टेस्ट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची चाचणी, घेते ती वाहिनी, आणि त्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. मग अकादमी हमी कशाची देणार? फार तर आपल्याच स्टुडिओत, आपल्याच कॅमेऱ्यासमोर तुला बसवेल आणि त्याची क्लिप हातात देईल. शंका वाटत असेल तर त्यांना विचार, गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांपैकी आज कोण कुठल्या वाहिनीवर आहे आणि त्यांच्याशी फोनवर बोलता येईल का. उत्तर ऐकलंस की तुझं तुलाच कळेल. बाबांची माया मोठी आहे, पण ८५ हजार म्हणजे तुमच्या घरातला एका हंगामाचा घाम. तीन महिन्यांत उभं कसं राहायचं, साडीचा रंग कोणता निवडायचा आणि प्रॉम्प्टर, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर सरकणारा मजकूर, कसा वाचायचा, एवढंच शिकवतात. त्यातलं प्रॉम्प्टर वाचणं तू आजही करतेस. शिक्षणच घ्यायचं असेल, तर पत्रकारिता शिकवणारं पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, तिथे मराठी पत्रकारितेचा पदविका अभ्यासक्रम चालतो. तिथे रीतसर प्रवेश मिळतो आणि हाती येणाऱ्या पदवी-पदविकेला पुढे किंमतही असते.

आता खरा मुद्दा. बाहेरून पाहणाऱ्याला वृत्तनिवेदन म्हणजे चांगल्या आवाजात, न अडखळता वाचणं वाटतं. दूरदर्शनच्या काळात ते बऱ्याच अंशी खरंही होतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि संध्याकाळच्या मराठी बातम्यांनी या कामाला घराघरांत प्रतिष्ठा मिळवून दिली. प्रदीप भिडे, अनंत भावे, भक्ती बर्वे, चारुशीला पटवर्धन, वासंती वर्तक ही नावं तुझ्या आईबाबांना विचार, चेहऱ्यासकट आठवतील. त्यांच्यापुढे बातमी लिहून, तपासून आलेली असायची. तिचा अर्थ, तोल आणि उच्चार श्रोत्यापर्यंत नीट पोचवणं हे त्यांचं काम होतं, आणि ते त्यांनी फार उंचीवर नेलं. पण एक गोष्ट ध्यानात घे. त्यांच्यापैकी अनेकांना दुसरा भक्कम आधार होता. भक्ती बर्वे रंगभूमीच्या मोठ्या अभिनेत्री, अनंत भावे बालसाहित्यिक, प्रदीप भिडे यांचा आवाज जाहिरातींत, माहितीपटांत आणि मोठमोठ्या समारंभांच्या निवेदनात. बातम्या हा त्यांच्या आयुष्याचा एक भाग होता.

सन २००० मध्ये ई टीव्ही मराठीच्या बातम्या हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून येऊ लागल्या. मग २००७ पासून झी २४ तास, स्टार माझा अशा चोवीस तासांच्या मराठी वाहिन्या आल्या. अँकरिंग पूर्णवेळ नोकरी झाली आणि कामाचं रूपच पालटलं. आज अँकर खुर्चीत बसतो तेव्हा लिहून आलेलं थोडं असतं आणि घडत असलेलं फार. कानात इअरपीस असतो. पीसीआरमधून, म्हणजे स्टुडिओच्या नियंत्रण कक्षातून, बुलेटिन प्रोड्युसर सतत बोलत असतो: "बाइट तयार नाही, फोनोवर जा" (रेकॉर्ड केलेलं बोलणं तयार नाही, फोनवरच्या संवादाकडे वळ), "नागपूरचं लाइव्ह तुटलं, वीस सेकंद भर", "ब्रेकला दहा, नऊ, आठ...". हे ऐकत असताना तोंडानं दुसरंच वाक्य पूर्ण करायचं असतं, आणि चेहऱ्यावर त्यातलं काही दिसू द्यायचं नसतं.

२३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ आठव. त्या दिवशीची वर्तमानपत्रं उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार, असं सांगत घराघरांत पोचली होती, आणि सकाळी आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाल्याची बातमी आली. पहाटेच्या पाळीला बहुधा नवे, ज्युनियर अँकर असतात. प्रॉम्प्टरवर त्यांच्यासाठी एक ओळ लिहिलेली नव्हती. अशा वेळी राज्यात १२ नोव्हेंबरपासून राष्ट्रपती राजवट आहे हे ज्याच्या डोक्यात असेल, त्याला पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: मग ती उठली कधी? ती त्याच पहाटे, ५ वाजून ४७ मिनिटांनी उठवली होती. ज्याच्या डोक्यात हे नसेल, तो "मोठी बातमी, सगळ्यात मोठी बातमी" म्हणत राहणार. अँकरिंगच्या कोर्समध्ये हे कुठून येणार? ते रात्रीच्या डेस्कवर येतं. राजभवनाची प्रसिद्धिपत्रकं वाचून, रिपोर्टरचे फोन घेऊन, इतरांच्या चुका दुरुस्त करून.

मतमोजणीचा दिवसही तसाच. २८८ जागा, बहुमताला १४५, सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत आकडे हलत असतात. आघाडी आणि विजय यांतला फरक, गेल्या वेळी ती जागा कुणाकडे होती, तिथली बंडखोरी कुणाची, हे बोलता बोलता सुचलं पाहिजे. मराठी आकड्यांनी तर भल्याभल्यांची जीभ अडकते. एकोणसाठ, एकोणसत्तर, अठ्ठ्याहत्तर, सत्त्याऐंशी हे आकडे डोळ्यांना दिसताच तोंडातून यायला हवेत. घरी बाजारभावाचं पान मोठ्यानं वाच, यासाठी त्याच्याइतका चांगला रियाज मी दुसरा पाहिलेला नाही.

यंत्राचाही विचार कर. दूरदर्शनच्या डीडी किसान वाहिनीवर मे २०२४ मध्ये कृश आणि भूमी हे कृत्रिम बुद्धिमत्तेनं तयार केलेले निवेदक आले. खासगी वाहिन्यांनी त्याआधीच असे प्रयोग केले होते. लिहून दिलेली संहिता न थकता, न अडखळता वाचणं यंत्राला जमतं आणि ते स्वस्तही पडतं. म्हणजे नुसतं वाचन शिकण्यासाठी ८५ हजार भरणं म्हणजे जे काम सगळ्यात आधी हातून जाणार, तेच विकत घेणं. प्रश्न विचारणं, माहिती कच्ची असेल तर थांबणं, समोरच्याचं बोलणं वेळीच तोडणं, हे ज्याला येतं त्याची गरज राहणार आहे.

थांबणं आणि तोडणं यावर मला थोडं अधिक लिहायचंय. या कामातला माझ्या जिव्हाळ्याचा भाग तोच आहे. समज, लहान मुलीवर अत्याचार झालाय आणि तू लाइव्ह आहेस. फोनोवर नातेवाईक आहे, तो रडतोय आणि बोलता बोलता मुलीचं नाव घेण्याच्या बेतात आहे. पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानं, बालकाची ओळख उघड करायला माध्यमांना बंदी आहे. बलात्कारपीडितेची ओळख जाहीर करणं हाही गुन्हा आहे. नाव म्हणजे फक्त नाव नव्हे. शाळा, गल्ली, वडिलांचं दुकान, ज्यातून गावाला ओळख पटेल ते सगळं. तिथे प्रोड्युसर काही म्हणायच्या आत तुला त्या माणसाला हळुवारपणे अडवता आलं पाहिजे. किंवा २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचं उदाहरण घे. कारवाई चालू असताना वाहिन्यांनी जे थेट दाखवलं, त्यावर सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१२ मध्ये कसाबच्या निकालात कडक शब्दांत टीका केली. पुढे २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला मनाई झाली. त्या तीन दिवसांत कमांडो कुठे उतरतायत हे उत्साहानं सांगणारा आवाज अँकरचा होता. लोकांना पीसीआर दिसत नाही, चेहरा दिसतो. म्हणून डेस्कवर असताना सगळ्यात आधी हे नियम शिकून घे. रोज आरडाओरडीची चर्चा चालवायला सांगतील तेव्हाही, कुणाला बोलू द्यायचं आणि कुणाचा माइक बंद करायला लावायचा, याची समज याच अभ्यासातून येते.

आता तुझ्या मैत्रिणींचं म्हणणं. रंगाविषयी एवढंच सांगते: सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायला एक सावळी मुलगी बसायची, स्मिता पाटील तिचं नाव. श्याम बेनेगल यांच्या नजरेला ती तिथून भरली. आजही काही ठिकाणी गोऱ्या रंगाचा आग्रह धरणारे लोक निर्णयाच्या खुर्चीत आहेत. ते चूक आहेत, आणि त्यांच्यामुळे तू अर्जच न करणं ही त्याहून मोठी चूक ठरेल. प्रकाशयोजना आणि मेकअप करणाऱ्याला काम येत असेल तर सावळा चेहरा कॅमेऱ्यावर उत्तम उठून दिसतो. स्क्रीन टेस्टला फिकट, त्वचेहून चार छटा उजळ बेस लावू देऊ नकोस, चेहरा राखेसारखा दिसतो.

भाषेच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच ठेव. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल', 'चाक'तला च आणि 'चंद्र'तला च, हा उच्चाराचा सराव आहे. रोज अर्धा तास मोठ्यानं वाचून मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि स्वतः ऐक. काही महिन्यांत जीभ वळते. बुलेटिनमध्ये प्रमाण मराठी बोल, ते कामाचं बोलणं आहे. पण गंगाखेडच्या शेतकऱ्याशी लाइव्ह बोलताना "काय करायलाव, दादा?" असं सहज तोंडी आलं तर ते गिळू नकोस. तो माणूस मोकळा होतो आणि जे कुणालाच सांगत नव्हता ते सांगतो.

शिवाय तुझ्याकडे जे आहे ते मुंबईतल्या डेस्कवर दुर्मिळ आहे, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. जायकवाडीतून पाणी सोडलं की कितीतरी वेळा क्युसेक आणि टीएमसी यांची सरमिसळ होते. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय, आणि टीएमसी म्हणजे एकूण किती अब्ज घनफूट साठलंय. "धरणात इतके हजार क्युसेक पाणी जमा" असं वाक्य पडद्यावर गेलं की पैठणपासून पुढे गोदाकाठचा प्रत्येक माणूस वाहिनीवरचा विश्वास गमावतो. तुमच्याकडे डाव्या कालव्याचं पाणी येतं, हा फरक तुला लहानपणापासून ठाऊक असणार. हमीभाव, मॉइश्चरच्या, म्हणजे धान्यातल्या ओलाव्याच्या, नावाखाली होणारी कपात, पीकविम्याचे पंचनामे, जिंतूर-सेलू-पाथरी-मानवत ही नावं नीट उच्चारणं, यांपैकी प्रत्येक गोष्ट तिथे तुझी किंमत वाढवते. सकाळच्या मीटिंगमध्ये तोंड उघडून बोल.

एम.ए.चा उपयोगही तिथेच कर. "या ठिकाणी आपण पाहू शकता", "पावसानं हजेरी लावलेली पाहायला मिळतेय", "कारवाई करण्यात आलेली आहे" अशी वाक्यं अँकर वेळ भरायला बोलतो आणि डेस्कवरची माणसं तशीच लिहितातही. तू "पाऊस आला" असं लिही. अँकरला वाचायला सोपं आणि ऐकणाऱ्याला कळायला सोपं वाक्य लिहिणारी मुलगी आठवडाभरात अँकरच्या लक्षात येते. पडद्यावर जाण्याचा रस्ता पुष्कळदा असाच उघडतो. सणाच्या दिवशी किंवा पहाटे कुणीतरी आजारी पडतं आणि प्रोड्युसर डेस्ककडे वळून बघतो. तो दिवस केव्हा येईल सांगता येत नाही, म्हणून तयारी रोजची हवी. शिफ्ट संपल्यावर स्टुडिओ रिकामा असेल तर प्रॉम्प्टरवर वाचू देतात का, विचार. ऑपरेटरशी मैत्री कर. नव्या मुलांना वाटतं प्रॉम्प्टर पळतोय, म्हणून ती धावत वाचतात. खरं तर ऑपरेटर तुझ्या वेगानं ओळी सरकवत असतो, तू सावकाश झालीस की तोही सावकाश होतो. नजर काचेच्या मधल्या ओळीवर ठेव. हातातल्या कागदांचा क्रमही लावत जा, प्रॉम्प्टर बंद पडतो तेव्हा तेच कामी येतात. इअरपीसची सवय घरी बसूनही होते. एका कानात रेडिओच्या बातम्या लाव आणि अग्रलेख मोठ्यानं वाच. वाचून झाल्यावर रेडिओवर काय सांगितलं ते लिहून काढ. पहिल्या दिवशी काही आठवणार नाही, महिनाभरात आठवायला लागेल.

रेडिओवरून आठवलं. परभणीला आकाशवाणीचं केंद्र आहे. तिथे नैमित्तिक उद्घोषकांच्या जाहिराती निघतात, त्यात लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी होते. मुंबईचं काही कारणानं जमलं नाही, तर ही वाट घराजवळची आणि फार चांगली आहे. पुण्याच्या प्रादेशिक बातम्यांमधला सुधा नरवणे यांचा आवाज आजही लोकांच्या कानात आहे. चेहरा न दिसताही एवढं नाव होतं.

आईचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. अँकरची खुर्ची फार बेभरवशाची आहे, विशेषतः बायकांसाठी. केस पांढरे झालेला पुरुष अँकर 'अनुभवी' ठरतो आणि चाळिशीतल्या बाईला पहाटेच्या बुलेटिनवर ढकलतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याची मला चीड आहे. ज्या बायका टिकल्या, त्यांच्याकडे पडद्यामागचं काम होतं. बुलेटिन बांधता येत होतं, संपादन येत होतं, माहितीपटाची संहिता लिहिता येत होती. डेस्कपासून सुरुवात कर म्हणते त्यामागे हेही आहे. बी.एड. पुढेही करता येईल, ही नोकरी पुन्हा बोलावेल याची खात्री नाही.

पण डेस्कवर जा म्हणताना एक अट घालते. रात्रपाळीची व्यवस्था लेखी हवी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीनंच काम देता येतं, आणि तिच्या सुरक्षेची व घरापर्यंतच्या वाहनाची सोय मालकानं करायची असते. "सगळ्या मुली लोकलनं जातात" असं उत्तर मिळालं तर जाऊ नकोस, दुसरी वाहिनी बघ. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे का आणि तिच्यावर कोण आहे, हेही विचार. २०१३ च्या कायद्यानं ती बंधनकारक आहे. करारात बाँड (नोकरी सोडता येणार नाही ती मुदत) किती वर्षांचा, नोटीस किती महिन्यांची, ट्रेनीचा काळ कधी संपणार आणि बाहेर सूत्रसंचालन करायला परवानगी आहे का, हे सही करण्याआधी वाच. समजलं नाही तर ओळखीच्या वकिलाला दाखव. आणि पडद्यावर यायला लागशील तेव्हा घरच्यांचे फोटो असलेलं सोशल मीडियाचं खातं वेगळं आणि खासगी ठेव.

१८ हजारांत मुंबईत पहिलं वर्ष ओढाताणीचं जाईल. डोंबिवलीला किंवा नवी मुंबईत तीन-चार मुलींनी मिळून खोली घेतली तर भागतं, शिल्लक राहत नाही. बाबांना सांग, ते ८५ हजार फीसाठी ठेवले होते ते तसेच बाजूला राहू देत. त्यातले थोडे खोलीच्या डिपॉझिटला लागतील आणि बाकीचे अडीअडचणीला बँकेत असू देत. वाहिनीला आजच मेल कर: रुजू व्हायला तयार आहे, रात्रीच्या वाहनाची सोय, करार आणि ट्रेनीचा कालावधी लेखी कळवा. उत्तर आलं की मला पाठव, करार आपण दोघी मिळून वाचू.